बारा हजारांचा मुलूख

वापी स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की रिक्षावाल्यांचा एकच गलका असतो, "सेलवास, सेलवास!" पाट्यांवर, सरकारी कागदांवर, नकाशावर सिल्वासा, तोंडात मात्र सेलवास. मागे तिघं आणि पुढे चालकाच्या मांडीला मांडी लावून एक, अशी रिक्षा भरली की निघते. रस्ता जेमतेम पंधरा-अठरा किलोमीटरचा, पण तेवढ्यात प्रवासी गुजरातेतून केंद्रशासित प्रदेशात शिरतो, पुन्हा गुजरातेत येतो आणि पुन्हा केंद्रशासित प्रदेशात जातो. हद्दीचा दगड शोधावा लागत नाही. गुजरातेत दारूबंदी आहे. त्यामुळे रस्त्याच्या कडेला वाइन शॉपची पहिली पाटी दिसली की दादरा आलं. पाट्या संपल्या की लवाछा, म्हणजे गुजरात. पुन्हा सुरू झाल्या की पिपरिया, म्हणजे सिल्वासाची वेस.

वेशीपासूनच कारखाने लागतात. पत्र्याच्या लांबच लांब शेड, फाटकाशी ट्रकांची रांग, ट्रकांत धाग्याच्या बॉबिनांनी भरलेली पुठ्ठ्याची खोकी. पाळी सुटायच्या वेळेला रस्ता माणसांनी असा भरतो की वाहनांना वाट मिळत नाही. सायकली, पायी जाणारे घोळके, डबे. बोलणं बहुतेक हिंदीत, ओडियात, भोजपुरीत. मधूनच वारली आणि गुजराती. मराठी कान असेल तर वारलीतले शब्द चटकन ओळखू येतात.

औद्योगिक शहर एखाद्या ठिकाणी का उभं राहतं, याची ठरलेली उत्तरं असतात. जमशेदपूरजवळ लोखंडाच्या खाणी होत्या. मुंबईला बंदर होतं आणि मागे कापूस पिकवणारा मुलूख होता. अमेरिकेतल्या पिट्सबर्गला कोळसा होता आणि नद्यांचा संगम होता. डेट्रॉइटला मोठ्या सरोवरांचा जलमार्ग होता. सिल्वासाकडे यातलं काही नाही. खाण नाही, बंदर नाही, कापूस नाही, आणि रेल्वे आजही वापीलाच थांबते. होतं ते सागाचं जंगल, भात-नागलीची शेतं आणि पावसाळ्यात दोन्ही तीर बुडवणारी दमणगंगा. मग देशभरच्या साड्या, शर्टिंग, पडदे आणि अस्तरं ज्या धाग्यातून निघतात, त्यातला एवढा मोठा वाटा नेमका या कोपऱ्यात कसा तयार होऊ लागला?

याचं उत्तर जमिनीत सापडत नाही. ते कागदांत सापडतं. आणि त्यातला पहिला कागद पुण्याचा आहे.

१७७२ साली मराठ्यांच्या आरमारानं 'सांताना' नावाचं एक पोर्तुगीज लढाऊ जहाज पकडलं. भरपाईचं घोंगडं बरीच वर्षं भिजत पडलं. पुढे इंग्रजांशी युद्ध जुंपलं, आणि १७७९च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची फजिती झाली तरी ते मिटलं नव्हतं. अशा वेळी आणखी एका फिरंग्याशी वैर परवडणारं नव्हतं. १७ डिसेंबर १७७९च्या तहात पुणे दरबारानं पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं. रोख रक्कम नव्हे, गावांचा वसूल. त्याप्रमाणे १७८३ आणि १७८५ मध्ये गावं ताब्यात दिली गेली. एकूण बहात्तर. दमणजवळचा, पण दमणला न लागलेला असा हा तुकडा होता. नगर हवेली एकीकडे, दादरा दुसरीकडे, आणि दोन्हींच्या मध्ये दुसऱ्याचीच जमीन. नकाशा बेढब वाटतो, कारण तो नकाशा म्हणून आखलेलाच नव्हता. ती वसुलाची बेरीज होती. नगर हवेलीच्या पोटात मघवाळ नावाचं गाव आजही गुजरातचं आहे, ते याच हिशेबातून उरलेलं.

१८१८ला पेशवाई गेली. ज्यानं सरंजाम दिला तोच उरला नाही, आणि ज्याला दिला तो मालक होऊन बसला. पोर्तुगीजांनी या जंगलात फार काही केलं असं नाही. १८८५ साली त्यांनी सिल्वासा या खेड्याला नगर हवेलीचं ठाणं केलं आणि लिस्बनजवळच्या एका गावावरून त्याला 'व्हिला द पासु द आर्कुश' असं भारदस्त नाव दिलं. ते नाव कागदावरच राहिलं. १८९७ मध्ये बांधलेलं चर्च मात्र अजून उभं आहे. आजच्या शहरात पोर्तुगीज काळ डोळ्यांना दिसावा अशी तीच काय ती मोठी खूण. जमिनी 'अल्वारा' नावाच्या परवान्यांनी मूठभर मोठ्या लोकांकडे गेल्या आणि वारली, कोकणा, धोडिया, दुबळा कुटुंबं त्यांच्याच शेतांवर राबत राहिली. हद्दीपलीकडे तलासरी-डहाणूत १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड केलं. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे मराठी वाचकाला ते ठाऊक आहे. हद्द सरकारांची होती; डोंगर, नाती आणि वाजवायचा तारपा दोन्हीकडचे एकच होते.

मराठी माणसाला सिल्वासाचं नाव ऐकून आठवतं ते १९५४.

त्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईत काही तरुणांची जमवाजमव चालू होती. राजा वाकणकर, नाना काजरेकर, विनायकराव आपटे. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे आणि प्रभाकर सिनारी. इतिहासवेडे बाबासाहेब पुरंदरे. आणि चित्रपटसृष्टीत नाव कमावलेले संगीतकार सुधीर फडके. पैसा नव्हता. तो उभा करण्यासाठी फडक्यांनी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम लावला. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात गाण्याच्या तिकिटांवर उभी राहिलेली मोहीम तशी दुर्मीळच.

पहिलं दादरा गेलं. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हास आणि वामन देसाई यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी तिथल्या चौकीवर चाल केली. पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारियो प्रतिकार करताना मारला गेला. २८ जुलैला नरोली मोकळं झालं. दमणगंगा तेव्हा पुराच्या पाण्यानं फुगलेली होती. पलीकडची पोर्तुगीज शिबंदी मदतीला येऊ शकली नाही, ही त्या पुराचीच कृपा. २ ऑगस्टला सिल्वासा पडलं. प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपली माणसं घेऊन खानवेलच्या जंगलाकडे निसटला होता. कम्युनिस्टांबरोबरचे वारली त्या बाजूला होते, दलाचे लोक मागावर होते, आणि हद्दीवर जे. डी. नगरवाला यांचे राखीव पोलीस उभे होते. गांधीहत्येचा तपास केलेले तेच हे नगरवाला. ११ ऑगस्टला फिदाल्गोनं उधवा इथे शरणागती पत्करली.

फडके पुण्याला परतले आणि पुन्हा बाजाच्या पेटीशी बसले. आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. सिल्वासाच्या चिखलातून चाललेला माणूस आणि त्या चाली बांधणारा माणूस एकच होता, हे आज सांगितलं तर नव्या पिढीला थाप वाटते.

पण सिल्वासाची गोष्ट २ ऑगस्टला संपत नाही. खरी गंमत तिथून पुढे आहे.

मुक्त झालेला हा प्रदेश लगेच भारतात विलीन झाला नाही. तब्बल सात वर्षं तो कुणाचाच नव्हता. म्हणजे स्वतःचाच होता. 'वरिष्ठ पंचायत' नावाची मंडळी कारभार पाहत. कचेरीत पोर्तुगीज तिकिटांचा साठा पडून होता. त्यावरच 'लिबरेटेड एरियाज' असा ठसा मारून ती तिकिटं वापरली गेली. आज ती तिकीटसंग्राहकांच्या वहीत मानानं बसतात. जेमतेम ४९१ चौरस किलोमीटरचा हा 'देश'. १९६१च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५७,९६३ भरली.

विलीनीकरण अडलं होतं ते हेगच्या न्यायालयामुळे. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ला संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला, १९ तारखेला त्यानं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला भारतावर दावा ठोकला. इतकी घाई लग्नघरातही नसते. म्हणणं असं, की दमणहून दादरा आणि नगर हवेलीला जायचा वाटेचा हक्क आमचा आहे आणि भारतानं तो अडवला. भारताच्या बाजूनं महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. न्यायासनावर भारतानं नेमलेले खास न्यायाधीश होते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छागला.

आणि मग हेगमध्ये, जगातल्या पंधरा-सतरा न्यायाधीशांसमोर, पुणे दरबाराच्या कागदाचा कीस निघाला. तहाच्या मराठी मजकुरात काय म्हटलंय? गावं दिली म्हणजे काय दिलं? राज्य दिलं की नुसता वसूल? १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम स्वरूपाचा महसुली हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली, त्यामुळे ती प्रत्यक्षात आली. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाटेचा हक्क होता. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. आणि १९५४ साली भारतानं केलेली अडवणूक या हक्काविरुद्ध जाणारी नव्हती. सैन्याच्या मुद्द्यावर मतं पडली आठ विरुद्ध सात. 'सरंजाम' हा शब्द शाळेत इतिहासाच्या पेपरात दोन मार्कांना येतो. हेगमध्ये त्यावर एका प्रदेशाचं भवितव्य अडलं होतं.

निकाल लागला तरी शेवटची एक अडचण उरली. भारत सरकारनं करार करायचा, पण कुणाशी? त्यावर काढलेली युक्ती दिल्लीच्या सचिवालयालाच सुचावी अशी होती. के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसासाठी या प्रदेशाचा पंतप्रधान करण्यात आलं आणि त्यांनी नेहरूंबरोबर विलीनीकरणाच्या करारावर सही केली. ११ ऑगस्ट १९६१पासून दादरा आणि नगर हवेली भारताचा भाग झाला; घटनेची दहावी दुरुस्ती त्यासाठीच आहे. फिदाल्गोनं शस्त्रं खाली ठेवली त्यालाही त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली. उच्च न्यायालय मुंबईचं लावून दिलं गेलं, ते आजही तेच आहे.

इथवर कारखान्याचा पत्ता नाही. १९६५ पूर्वी या प्रदेशात उद्योग असा नव्हताच. त्या सुमाराला पिपरियाला दान उद्योग सहकारी संघाची सहकारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे १९७८ मध्ये मसाटला, १९८२ मध्ये खडोलीला आणि १९८५ मध्ये सिल्वासात सरकारी वसाहती आल्या. मधल्या काळात जमीन सुधारणा झाली. १९७१चा कायदा १९७४ पासून अमलात आला, अल्वारा गेले आणि कसणाऱ्या आदिवासींच्या नावावर जमीन चढू लागली. सातबारावर नाव लागणं आणि शेजारच्या शेतात कारखान्याचा पाया खणला जाणं, या दोन गोष्टी एकाच पिढीनं पाहिल्या. 'एनए', म्हणजे बिगरशेती, हे दोन अक्षरी इंग्रजी इथल्या म्हाताऱ्यांनाही तेव्हापासून पाठ आहे.

खरा भडका उडाला तो १९८४-८५ नंतर. प्रदेश औद्योगिकदृष्ट्या मागास ठरलेला होताच. त्यात नव्या कारखान्यांना पंधरा वर्षांची विक्रीकर माफी मिळाली आणि सुरुवातीच्या काही वर्षांत आयकरातही सवलत मिळाली. धाग्याच्या धंद्यात किलोमागे फायदा पैशांत मोजतात. तिथे राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरचा शेकडा चारपर्यंतचा कर वाचणं म्हणजे घबाडच. सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या मागांच्या गावांना लागणारा धागा सिल्वासातून निघाला तर स्वस्त पडे. शिवाय मुंबई-अहमदाबाद महामार्ग हाकेच्या अंतरावर. तेवढ्यावर गाडी सुटली.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले ते बहुतेक कायमचेच. त्याच वर्षाच्या शेवटी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना चालू झाला. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणानं कृत्रिम धाग्याला वाट मोकळी करून दिली. परळची भोंग्यांची सकाळ बंद पडत होती आणि दमणगंगेच्या काठी शेडवर पत्रे चढत होते. संपामुळे सिल्वासा उभं राहिलं असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. कापूस जाऊन पॉलिएस्टर येणं हे संपापेक्षा मोठं प्रकरण होतं. तरी लालबागच्या माणसानं सिल्वासाची शेड पाहिली तर त्याच्या मनात काय येईल, ते वेगळं सांगायला नको.

शेडमध्ये नेमकं चालतं काय? सिल्वासाचा मुख्य धंदा धागा बनवण्याचा नाही, धागा कुरळा करण्याचा आहे. त्याला टेक्स्चरायझिंग म्हणतात. बाहेरून येतो तो 'पीओवाय', म्हणजे अर्धवट ओढलेला पॉलिएस्टर धागा. चकचकीत, गुळगुळीत, मासे धरायच्या दोरीच्या बारीक भावंडासारखा. वीतभर तुकडा दोन्ही हातांनी ओढून पाहावा: तो लांबतो, लांबतच जातो, आणि सोडला तरी पूर्ववत होत नाही. या धाग्याचं कापड विणलं तर अंगाला काचेसारखं लागेल.

म्हणून त्याला यंत्रावर चढवायचं. एका यंत्राला दोनशेहून जास्त जागा, प्रत्येक जागेवर एक बॉबिन. धागा वर चढतो, दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या हीटरमधून जातो, थंड पट्टीवरून खाली येतो आणि एकावर एक रचलेल्या छोट्या चकत्यांमधून सरकतो. या चकत्या मिनिटाला हजारो फेऱ्या घेतात आणि धाग्याला पीळ देतात. चकत्यांच्या पलीकडे तो पीळ लगेच उलगडतो. मग उपयोग काय? ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलेली मुलगी सकाळी वेणी सोडते तेव्हा पीळ गेलेला असतो, पण केसांत लाट राहते. तसंच. गरम असताना बसलेला पीळ धाग्याच्या अंगात मुरतो. त्याच वेळी धागा दीडपटीहून जास्त ओढला जातो. १२६ डेनियरचा आत जातो आणि ७५चा होऊन बाहेर येतो. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. बाहेर येणारा धागा मऊ, फुगीर, ओढला तर परत जागेवर जाणारा. शेवटी त्याला तेलाचा हात लागतो आणि मिनिटाला पाच-सातशे मीटरच्या वेगानं तो पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळला जातो.

हे सगळं एका सलग आवाजात चालतं. हीटरची धग, तापलेल्या तेलाचा वास, आणि यंत्राच्या दोन ओळींमधून सतत चालणारी माणसं. एका पाळीत ती किती चालतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तुटलेलं टोक शोधायचं, हवेच्या पिचकारीनं ओढून घ्यायचं, पुन्हा हीटर-चकत्या-रोलर असा प्रवास घडवायचा, भरलेलं बॉबिन उतरवायचं, रिकामी नळी लावायची. उतरवण्याला 'डॉफिंग' म्हणतात. हा शब्द सुतापाठोपाठ इंग्लंडातून परळच्या गिरण्यांत आला, तिथे 'डाफर पोऱ्या' रुळला, आणि आता कटक-गंजामची पोरं तो सिल्वासात वापरतात.

सिल्वासा म्हणजे फक्त धागा नव्हे. इथे वेदांत समूहाची तांबं शुद्ध करणारी रिफायनरी आहे, दादऱ्यात ब्ल्यू स्टारचा कारखाना आहे, प्लास्टिक, औषधं, विजेच्या तारा आहेत. आलोक इंडस्ट्रीजसारखी इथली बलाढ्य वस्त्रकंपनी कर्जात बुडून दिवाळखोरी कायद्याखाली गेली आणि तीही रिलायन्सच्या छत्राखाली आली. पण शहराचा चेहरा ठरतो तो धाग्यानं.

असंच सुतानं चेहरा ठरवलेलं लोवेल नावाचं शहर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे. अमेरिकेच्या कापडउद्योगाचा पाळणा म्हणावं असं. मेरिमॅक नदीच्या धबधब्यावर १८२३ साली तिथे पहिलं कापड निघालं आणि बघता बघता शेतांच्या जागी पाच-सहा मजली गिरण्या उभ्या राहिल्या. कामाला होत्या त्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. कंपनीच्या बोर्डिंगात राहायच्या, घंटेवर उठायच्या. १८३४ मध्ये मजुरी कापली तेव्हा त्या काम टाकून बाहेर पडल्या, १८३६ मध्ये पुन्हा. आणि त्यांनीच लिहिलेलं 'लोवेल ऑफरिंग' नावाचं मासिक १८४० पासून काही वर्षं निघत होतं. विसाव्या शतकात गिरण्या दक्षिणेकडे गेल्या, शहर ओस पडलं. १९७८ मध्ये त्याच पडक्या गिरण्यांचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केलं गेलं. आज तिथे जाणाऱ्याला जुने माग चालू करून दाखवतात आणि आत शिरण्यापूर्वी कानात घालायला बोळे देतात. जुना इतिहास आधी कानाला ऐकू येतो.

सिल्वासाच्या मध्यवस्तीतलं संग्रहालय आदिवासी जीवनाचं आहे. तारपा, दागिने, मासे धरायची साधनं, शिकारीची हत्यारं. त्यातल्या कितीतरी वस्तू दहा-पंधरा किलोमीटरवरच्या पाड्यांत अजून वापरात असताना काचेमागे गेल्या. धाग्याचं संग्रहालय व्हायचं आहे. मुंबईतही काळाचौकीच्या गिरणीत संग्रहालय करायची चर्चा वर्षानुवर्षं चालली, हे ध्यानात घेतलं तर सिल्वासाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या शहरात यंत्र अजून गरम आहे, तिथे आठवणी जमवायला सवड कुणाला?

आकडे मात्र जमलेले आहेत. २००१ मध्ये प्रदेशाची लोकसंख्या २,२०,४९० होती. २०११ मध्ये ३,४३,७०९. दहा वर्षांतली ही वाढ देशातल्या सगळ्या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत सर्वांत जास्त होती. सिल्वासा शहर २१,८९३ वरून ९८,२६५ वर गेलं. त्यात हद्दवाढीचा हात आहे हे खरं, पण नुसत्या हद्दीनं चाळी बांधल्या जात नाहीत. १९९१ मध्ये शंभरात एकोणऐंशी माणसं आदिवासी होती, २०११ मध्ये बावन्न. आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ७७४. हा शेवटचा आकडा वाचला की शहराची संध्याकाळ डोळ्यांसमोर येते. एका खोलीत पाच-सहा जण, पाळीप्रमाणे आळीपाळीनं अंथरूण, बाहेर ओळीनं वाळत घातलेले एकसारखे शर्ट. जुन्या गिरणगावात असंच होतं. तिथे घाटावरच्या, कोकणातल्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या, आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. गिरणगावाला नारायण सुर्वे मिळाले, शाहीर मिळाले. सिल्वासाचा कामगार गावी पैसे पाठवतो आणि छटपूजेला नदीकाठी गर्दी करतो. त्याचं दुःख आणि चेष्टा मराठीत उतरलेली नाहीत, कारण तो मराठीत बोलत नाही.

स्थानिक आदिवासीला कारखान्यात काम मिळावं, मिळालं तर पुरती मजुरी मिळावी, या मागणीवरच इथलं राजकारण घडलं. मोहन डेलकर यांची सुरुवात कामगार चळवळीतली. पुढे ते सात वेळा लोकसभेवर निवडून गेले. २२ फेब्रुवारी २०२१ला मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी कलाबेन शिवसेनेच्या उमेदवार म्हणून निवडून आल्या; महाराष्ट्राबाहेरून लोकसभेत गेलेल्या त्या पक्षाच्या पहिल्या खासदार. १७७९ नंतर मराठी सत्ताकारणाचा या मुलखाशी इतका थेट संबंध पुन्हा आला तो असा.

शहराच्या दक्षिणेला खानवेलकडे निघालं की शेड विरळ होतात आणि साग सुरू होतो. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावलेली दमणगंगा इथे मधुबन धरणात अडवली आहे. गुजरात, दमण आणि नगर हवेली या तिघांचं हे धरण. त्यासाठी इथली गावं पाण्याखाली गेली. आता दुधनीला त्याच पाण्यावर पर्यटकांसाठी शिकारे चालतात. शिकाऱ्यात बसलेल्या सुरतेच्या कुटुंबाला खाली काय आहे हे कुणी सांगत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी ते त्यांना ऐकायचंही नसतं.

कागदांची मालिका अजून चालू आहे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. माल जिथे खपतो तिथे कर, म्हणजे माल जिथे बनतो तिथल्या माफीला अर्थ राहिला नाही. ज्या सवलतीनं शहर वसवलं ती एका मध्यरात्रीत जुनी झाली. कारखाने उठून गेले नाहीत. यंत्रं, वीज, हात बसलेली माणसं आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचं जाळं एव्हाना इथे मुरलं होतं. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आणि राजधानी दमणला गेली. दीडशे वर्षांपूर्वी दमणहून कारभार चाले, तसाच पुन्हा. १ एप्रिल २०२२ला वीजवितरण टोरेंट पॉवरकडे गेलं. इथली बहुतांश वीज कारखान्यांतच जळते, त्यामुळे ही बातमी चहाच्या टपरीवर क्रिकेटइतक्या आवेशानं चघळली गेली.

दर वर्षी २ ऑगस्टला सिल्वासात मुक्तिदिन साजरा होतो. झेंडावंदन, शाळकरी मुलांची कवायत, बहुतेक वेळा पाऊस. २०२० पर्यंत त्या दिवशी कचेऱ्या बंद असत. टेक्स्चरायझिंगची यंत्रं मात्र सुट्टीतही बंद ठेवत नाहीत. हीटर एकदा निवले तर पुन्हा तापायला तास जातात, आणि दोनशेहून जास्त टोकं एकेक करून पुन्हा ओवावी लागतात. म्हणून प्रत्येक जागेवर दोन बॉबिनं ठेवलेली असतात, एक चालू आणि एक राखीव. चालूचं शेवटचं टोक राखीवच्या पहिल्या टोकाला आधीच गाठ मारून जोडायचं. पहिलं संपतं, गाठ वर चढते, हीटरमधून पार होते, आणि धागा न तुटता दुसऱ्यावर जातो. मग रिकामी नळी काढायची, नवं बॉबिन लावायचं, पुन्हा गाठ. सकाळच्या पाळीचा पोऱ्या ती दोन बोटांत, न बघता मारतो.